प्रणयकथांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अलीकडच्या मराठी प्रणयकादंबऱ्यांतले, विशेषतः इंग्रजीतून आणलेल्यांतले, नायक-नायिका पहिल्या भेटीपासूनच एकमेकांना ‘तू’ म्हणतात, हे मला खटकते. इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द असल्याने तिथे काही बिघडत नाही. पण मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणे आणि ‘अहो’चे नकळत ‘अरे’ होणे हीच जवळिकीची खरी पायरी असते, आणि चांगला लेखक त्या एका सर्वनामावर सबंध प्रकरण उभे करू शकतो.

‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाक्यही मला कृत्रिम वाटते (प्रेम ही काय ठरवून करण्याची गोष्ट आहे?). ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ ही मराठीची सहज ठेवण. आपल्या कोकणीतही ‘म्हजो तुजेर मोग आसा’ असे म्हणता येते. गोव्यात घडणाऱ्या कादंबरीत निवेदन मराठीत ठेवून म्हापशाच्या बाजारातली किंवा मांडवीच्या फेरीबोटीतली पात्रे ‘मोग’ म्हणाली, तर ते ‘प्रणयाराधना’सारख्या जड शब्दापेक्षा केव्हाही खरे वाटेल. त्याखाली तळटीप मात्र देऊ नये.

आपला,
एक वाचक, फोंडा