भूमिगत खाणीचा विस्तार आणि वरच्या जमिनीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन कोळसा काढण्याचे उद्दिष्ट केंद्रीय कोळसा मंत्रालयाने ठेवले आहे. देशाच्या एकूण कोळसा उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा अलीकडच्या वर्षांत जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. तेव्हा नव्या खाणी उघडण्याबरोबरच चालू खाणींचा विस्तार केल्याशिवाय हे उद्दिष्ट गाठले जाणार नाही, हे उघड आहे. नागपूर जिल्ह्यातील कामठी कोळसाक्षेत्रात आणि चंद्रपूर-यवतमाळच्या वर्धा खोऱ्यात राहणाऱ्यांचा या धोरणाशी थेट संबंध येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भूमिगत खाणीला माझा सरसकट विरोध नाही. खुल्या खाणीने गावेच्या गावे उठतात, मातीचे डोंगर नदीकाठी उभे राहतात आणि स्फोटांची धूळ कपाशीच्या बोंडांवर बसते. चंद्रपूरकरांना हे सांगण्याची गरज नाही. त्या तुलनेत भूमिगत खाण पुष्कळच सुसह्य आहे. मात्र ती सुसह्य आहे म्हणून तिचा परिणामच होत नाही असे धरून चालण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझी हरकत आहे. कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनासाठी असलेल्या १९५७ च्या कायद्यानुसार जमीन न घेता केवळ खाणकामाचे हक्क घेता येतात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, घर त्याचेच राहते, आणि जमीन घेतलीच नाही म्हटल्यावर त्याचे नाव प्रकल्पग्रस्तांच्या यादीत येण्याचा प्रश्नच उरत नाही. खालचा कोळसा निघून गेल्यावर वरची जमीन कशी वागेल, याचा धोका मात्र सगळा त्याच्या पदरात पडतो.

हा धोका नेमका कुठून येतो, हे समजून घ्यायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत आधी गल्ल्या काढून मधे कोळशाचे खांब सोडतात. या टप्प्यात थोडाच कोळसा निघतो आणि वरची जमीन जागेवर राहते. खरी वेळ येते ती डिपिलरिंगची, म्हणजे हेच खांब काढत मागे यायचे आणि रिकाम्या झालेल्या जागेत, ज्याला खाणीत गोफ म्हणतात, छत कोसळू द्यायचे. हे कोसळणे थराथराने वर चढते आणि वरची जमीन खचते. शिवाय ही खचण पॅनेलच्या, म्हणजे एका वेळी कोळसा काढायला घेतलेल्या पट्ट्याच्या, बरोबर डोक्यावरच थांबत नाही, ती उभ्या रेषेशी कोन करून बाहेर पसरते. खोली २०० मीटर असेल आणि हा कोन २० अंशांचा धरला, तर पॅनेलच्या कडेपासून ७० मीटरांहून अधिक अंतरावरची जमीनही तिच्या टप्प्यात येते. नकाशावर खाणीच्या हद्दीबाहेर दाखवलेली विहीर किंवा घर म्हणून सुरक्षित आहे, असे समजता येत नाही.

ताण सर्वांत जास्त पडतो तो पॅनेलच्या कडांवर, आणि भेगाही तिथेच उघडतात. संत्र्याच्या बागेत अशी भेग मी जवळून पाहिली आहे. धुऱ्याला लागून हातभर लांबीची एक चीर दिसत होती, इतकी अरुंद की ढेकळाने झाकली जावी. पण ओलिताचे पाणी दांडाने तिथवर आले की पुढे सरकत नव्हते, ते त्या चिरेतच उतरत होते. पंप सुरू आणि पुढची झाडे कोरडी, असा तो प्रकार होता. अशा भेगा पावसाळ्यापूर्वी चिकणमातीने ठासून बुजवाव्यात, असा नियमच आहे, कारण त्यांतून पाणी खाली जाते आणि हवाही गोफमध्ये शिरून उरलेला कोळसा आपोआप तापू लागतो. पण भेग शोधायची कोणी, आणि शेतकऱ्याने दाखवली तर तिची नोंद कुठे करायची, हे गावात कोणालाच सांगता येत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. आपल्याकडे कोळशाच्या थरांवर पुष्कळ ठिकाणी कामठी वालुकाश्म असतो आणि त्यात भरपूर पाणी साठते. खाण चालवायची तर हे झिरपून येणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते, आणि विस्तारात खाण जितकी लांब व खोल जाईल तितका हा उपसा वाढतो. हे पाणी किती असते याचा अंदाज पाटणसावंगीच्या ‘कोल नीर’वरून यावा, तिथे खाणीचे पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरले जाते. उपसलेले पाणी वाया न घालवणे चांगलेच आहे, पण ते मुळात कोणाच्या विहिरींखालचे होते, हा प्रश्न त्या बाटलीने सुटत नाही. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत शेतकऱ्याच्या नव्या विहिरीवर बंधन घातले. खाणीच्या उपशाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहिले जावे, ही अपेक्षा गैर नाही. संत्र्याला बहाराआधी पाणी तोडून ताण द्यावा लागतो हे खरे, पण तो कधी द्यायचा हे बागायतदाराने ठरवायचे असते.

विस्ताराला परवानगी देताना लोकांचे म्हणणे ऐकण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेने ती दिली आणि नंतरच्या कार्यालयीन आदेशांनी ती आक्रसत नेली. कोळसा खाणींना ४० टक्क्यांपर्यंत उत्पादनवाढीसाठी मिळत आलेली सुनावणीतून सूट २०२२ च्या मे महिन्यात, काही काळापुरती का होईना, ५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. हद्द तीच आहे मग सुनावणी कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद. खुल्या खाणीच्या बाबतीत तो कदाचित समजून घेता येईल. भूमिगत खाणीत मात्र त्याच हद्दीत उत्पादन वाढवणे म्हणजे ज्या शेतांखालचे खांब आजवर उभे होते तेही काढणे, आणि त्या शेतांच्या मालकांना विचारलेलेच नसते.

यावर उपाय नाही असे नाही. गोफमध्ये भराव केला, तर खचण केव्हिंगच्या, म्हणजे छत कोसळू देण्याच्या, तुलनेत खूपच कमी राहते. पूर्वी त्यासाठी नदीची रेती वापरत. आज कन्हानची रेती आणखी उपसा, असे कोणी म्हणणार नाही. पण कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख साठवायला जागा पुरत नाही, आणि २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला भगदाड पडून ती ओढ्या-नाल्यांत गेली. राखेतील जड धातू भूजलात उतरणार नाहीत याची आधी चाचणी करून, वस्ती, विहिरी आणि बागांखालच्या पॅनेलमध्ये तरी तिचा भराव सक्तीचा करावा. खर्च वाढेल हे मान्य. तो खर्च सध्या शेतकरी भरतो आहे.

परवानगीच्या अटींत आणखी दोन गोष्टी याव्यात. पॅनेल सुरू होण्यापूर्वी वरच्या प्रत्येक घराची व विहिरीची पाहणी होऊन तिची सही-शिक्क्याची प्रत मालकाला मिळावी. विहिरींची पातळी खाणीने नव्हे, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने मोजावी व ग्रामपंचायतीत लावावी. आणि ही मोजणी खाण बंद झाली म्हणून थांबू नये. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक अख्खे घर जमिनीत गडप झाले, ते खालच्या जुन्या, कधीच्या बंद पडलेल्या खाणीमुळे. तरीही खाण बंद करण्याच्या खर्चासाठी राखून ठेवायच्या रकमेचा दर २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये असा ठरला, आणि पुढच्या दुरुस्तीतही हे प्रमाण तसेच राहिले. विस्ताराचा प्रस्ताव मंजूर करताना निदान वस्तीखालच्या क्षेत्रापुरता हा दर नव्याने ठरवावा, अशी माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सावनेर (जि. नागपूर)