हॉर्मोनचे पैसे घेतले आणि वजनाचं पॅकेज पुढे केलं

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: आगाऊ पैसे घेऊन हॉर्मोन उपचार नाकारल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय / महोदया,

मी ट्रान्स स्त्री आहे. वय 34, राहणार भांडुप. तुमच्या अंधेरीच्या क्लिनिकमध्ये हॉर्मोन सुरू करण्याच्या पॅकेजचे 18,000 रुपये मी आगाऊ भरले. एंडोक्रिनोलॉजिस्टचा (हॉर्मोनतज्ज्ञाचा) सल्ला, रक्ततपासण्या आणि पहिल्या तीन महिन्यांचा पाठपुरावा, असं पावतीवर स्पष्ट छापलेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र मी सोबत दिलं होतं. तपासण्या झाल्या, उपचार झाले नाहीत.

कारण माझं वजन. 96 किलो, उंची 168 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 34. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं, ‘27 च्या खाली आणा, मग बघू.’ म्हणजे वीस किलो. केबिनबाहेर पाऊल टाकते तोच तुमच्या केअर मॅनेजर बाई माहितीपत्रक घेऊन उभ्या. वजन कमी करण्याचा सहा महिन्यांचा कार्यक्रम, 62,000 रुपये, हप्त्याची सोय. माझे आधीचे पैसे त्यातच वळते करून घेऊ म्हणाल्या. इतक्या तत्परतेने माझे रिपोर्टसुद्धा मला मिळाले नाहीत.

वजनाचा विषय काढला म्हणून मी रागावलेली नाही. तो काढायलाच हवा होता. या उपचारात देतात त्या इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढू शकतो, लठ्ठपणानेही वाढतो, आणि दोन्ही एकत्र आले की डॉक्टरांनी सावध व्हावं हे मला कळतं. पण सावध होणं म्हणजे काय, याचं उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. गोळीतून घेतलेलं इस्ट्रोजेन पोटातून आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. जेल किंवा पॅचमधलं (त्वचेवर लावायच्या पट्टीतलं) औषध त्वचेतून थेट रक्तात जातं, त्यामुळे हा परिणाम बराच टळतो. म्हणून ज्यांना गुठळ्यांचा धोका जास्त, त्यांच्यासाठी त्वचेवाटे औषध देण्याकडे कल असतो. मी सिगारेट ओढत नाही, घरात कुणाला गुठळीचा त्रास झालेला नाही, रक्तदाब नीट आहे. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 5.9 आल्याचं तोंडी कळलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यावर लक्ष ठेवायला माझी ना नाही. यातलं काहीही मला विचारलं गेलं नाही. जेलचा उल्लेखही झाला नाही.

एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थच्या उपचार-मानकांची 2022 ची आठवी आवृत्ती, दोन्ही इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. अमुक बीएमआयच्या वर हॉर्मोन देऊ नयेत, अशी रेषा दोन्हींत नाही. धोके तपासा, आटोक्यात आणा, पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, असं आहे. बीएमआयची अट बरेच सर्जन शस्त्रक्रियेसाठी घालतात, भूल आणि जखम भरण्याच्या काळजीपोटी. मी शस्त्रक्रिया मागितलेली नव्हती. तुमच्या 27 या आकड्याचा आधार मी लेखी मागितला, तर ‘आमची पॉलिसी आहे’ एवढंच उत्तर आलं. ही पॉलिसी पैसे घेताना का सांगितली नाही? वजन-उंची तर पहिल्याच फॉर्मवर लिहून घेतली होती.

विचारायला हवं होतं ते मात्र राहूनच गेलं. हॉर्मोन सुरू करण्याआधी पुढे मूल हवं आहे का, शुक्राणू जपून ठेवायचे आहेत का, हे बोलून घ्यायचं असतं. इस्ट्रोजेनने स्नायू कमी होतात, अंगावर चरबी वाढू शकते, हे मला माझ्या मैत्रिणींकडून कळलं. वजनाची एवढी काळजी असलेल्या दवाखान्याने तरी हे सांगावं!

नकार दिल्याने धोका टळतो असं तुमच्या डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी एकदा माझ्यासारख्या ट्रान्स बायकांशी बोलावं. दवाखान्याचं दार बंद झालं की कित्येक जणी मेडिकलच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेतात, स्वतःच्या मनाने, दिवसाला दोन-तीन. त्यांतल्या बहुतेक गोळ्यांत इथिनाइल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. गुठळ्यांच्या भीतीने डॉक्टरांनी ट्रान्स उपचारांत वापरणं सोडलेलं हेच ते औषध. वजन जास्त म्हणून मला जेल नाही, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात त्याहून घातक गोळी वजन न विचारता मिळते.

वजन मी कमी करतेच आहे. फक्त जिममध्ये कपडे बदलायला कुठल्या खोलीत जायचं, हा प्रश्न तुमच्या माहितीपत्रकात कुठे सुटलेला दिसला नाही.

तर, माझे 18,000 रुपये परत करा. केलेल्या तपासण्यांचे पैसे कापायचे असतील तर त्यांचं वेगळं बिल द्या, मी ते मान्य करीन. रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी द्या. रुग्णाने मागितल्यावर त्या 72 तासांत द्यायच्या असतात, आणि मी मागून आठवडे उलटले. नकाराचं वैद्यकीय कारण डॉक्टरांच्या सहीने लेखी हवं. ज्यांना हॉर्मोन नाकारता त्यांनाच त्याच दिवशी वजनाचं पॅकेज विकणं बंद करा.

सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर परताव्याची मुदत नसेल तर 30 दिवस धरले जातात, आणि तुमच्या पावतीवर मुदत नाही. आरोग्यसेवेत पारलिंगी व्यक्तींशी भेदभाव करू नये असं त्याच वर्षीच्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम 3 सांगतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

उत्तर ईमेलनेच पाठवा. तुमच्या कॉल सेंटरला माझं नाव दर वेळी सांगूनही ते मला ‘सर’ म्हणतात, आणि मला ते ऑफिसात, चार लोकांत ऐकावं लागतं.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत: पावतीची प्रत, मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्राची प्रत, वजनाच्या पॅकेजचं माहितीपत्रक