भुताला भिंत अडवत नाही, मग जमीन कशी अडवते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा भाच्याबरोबर एक भयपट पाहिला. भूत बंद दारातून आरपार आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. भाच्याने कानात विचारले, "मामा, दारातून जातं, तर पलंगातून खाली का नाही पडत?" मी त्याला गप्प केले, पण माझी भीती तिथेच संपली. पुढे तर कहरच झाला. त्या भुताला जुना खून ठाऊक, उद्याचा अपघात ठाऊक. नायिका दोन हातांवर कपाटामागे लपली आहे, एवढेच काय ते कळेना.

आपल्या पुरवणीतल्या परीक्षणांत अशा चित्रपटांच्या छायाचित्रणावर आणि आवाजावर भरभरून लिहिलेले असते. भुताचे नियम काय, हे मात्र कुणी विचारत नाही. 'भुताखेतांत तर्क कसला शोधता' म्हटले की पटकथाकार सुटला. ज्या कवींचा परलोकावर खरोखर विश्वास होता, त्यांनी स्वतःला ही सूट घेतली नव्हती.

इटालियन कवी दान्ते (मृत्यू १३२१) याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात तो स्वतःच परलोकातून प्रवास करतो. त्यात शंभर सर्ग आहेत, आणि माझ्या भाच्याची शंका त्यालाही छळत होती. देह नाही, तर मृतात्मे दिसतात कसे, रडतात कसे? 'पर्गेटरी' म्हणजे आत्मे पापक्षालन करतात त्या लोकावरच्या भागाच्या पंचविसाव्या सर्गात तो याचे सविस्तर उत्तर देतो. ओलसर हवेत सूर्यकिरणांनी इंद्रधनुष्य उमटते, तसा आत्मा भोवतीच्या हवेवर आपला आकार उमटवतो आणि त्या हवेच्या देहालाच डोळे, कान, वाचा फुटते. म्हणूनच दुसऱ्या सर्गात तो मृत मित्राला मिठी मारायला जातो, तेव्हा तीनदा त्याचे हात रिकामेच स्वतःच्या छातीवर येतात. इथे नियम आणि दुःख वेगळे काढता येत नाहीत.

कपाटामागच्या नायिकेचा तिढाही त्याने सोडवून ठेवला आहे. नरकातल्या आत्म्यांना दूरचे भविष्य दिसते. घटना जवळ आली, की दिसेनाशी होते. चाळिशी लागलेल्या माणसासारखे: लांबची पाटी स्वच्छ, हातातले पत्र धूसर. नरकावरच्या भागाच्या दहाव्या सर्गात एकाच थडग्यात दोघे आहेत. एक दान्तेच्या पुढच्या हद्दपारीचे भाकीत करतो, आणि शेजारच्याला आपला मुलगा आज जिवंत आहे की नाही, हेही माहीत नाही. दान्तेच्या तोंडून त्या मुलाबद्दल एक भूतकाळी क्रियापद निसटते. बाप त्यावरून मुलगा गेला असे समजतो आणि पुन्हा थडग्यात कोसळतो. मुलगा तेव्हा जिवंत असतो! कुठल्या पार्श्वसंगीताला हे साधेल?

झपाटलेल्या माणसाचेही तसेच. शरीरात दुसरे कुणी शिरले, तर मूळ मालक कुठे जातो? दान्ते म्हणतो, पाहुण्यांचा घात करणाऱ्याचा आत्मा त्याच क्षणी नरकात जातो आणि वर त्याचे शरीर सैतान वापरत राहतो. ते जेवते, झोपते, कपडे घालते; शेजाऱ्यांना पत्ताही नसतो. मला हे डोके गरागरा फिरवण्यापेक्षा कितीतरी भयंकर वाटते.

आता दान्तेही धुतल्या तांदळासारखा नाही. मिठीत न मावणारे आत्मे निर्माण करणारा हाच कवी नरकाच्या तळाशी एका देशद्रोह्याचे केस मुठीत धरून उपटतो. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्यातल्या स्वर्गातील युद्धात अशरीरी देवदूत चिलखते घालतात, आणि ती चिलखतेच चेंगरून त्यांना बोचतात. चैतन्य आणि जडाचा हा घोळ अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने दाखवून दिलाच होता. पण या कवींच्या चुका पकडता येतात, कारण त्यांनी आधी नियम सांगितलेला असतो. आपल्या भयपटांत चूक पकडायलाही जागा नाही.

याचा अर्थ मांत्रिकाच्या तोंडी आणखी चार श्लोक घाला, असा कृपया घेऊ नये. ते भरपूर झाले आहेत. श्लोक सजावटीला वापरतात, त्यात काय म्हटले आहे ते कुणी वाचत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायात, वारा जसा गंध घेऊन जातो तसा जीव देह सोडताना मन आणि पाच इंद्रिये बरोबर नेतो, असे आहे. 'वायुर्गन्धानिवाशयात्'. एवढ्या एका ओळीवर अख्खी पटकथा उभी राहील: डोळे जळाले तरी दृष्टी शाबूत, जीभ गेली तरी चव शिल्लक.

भाच्याला हे सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे त्याला वासही येत असेल. मग ते स्वयंपाकघरातच का नाही जात?"

आपला,
एक नियमित वाचक