झाकण उघडण्याआधी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर घाईत होतो, म्हणून आता सविस्तर लिहितो. तू म्हणालास, कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, वायरींचं जंजाळ पाहिलं आणि घाबरून परत लावून टाकलं. अरे, मीही पहिल्यांदा हेच केलं होतं! आत भाग असतात मोजून सहा-सात, आणि कोण कुठे बसलंय याला एक कारण आहे. ते कळलं की निम्मी भीती जाते.

मधला मोठा बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. त्यावरच्या पंख्याखाली प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप आहे. तो पंखा मात्र उगाच काढू नकोस; काढलास तर खालची थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावावी लागेल. आता बघ, प्रोसेसरला ज्याच्याशी सतत बोलायचं असतं ते त्याच्या अगदी शेजारी. रॅमचे, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीचे, उभे स्लॉट म्हणूनच त्याला खेटून आहेत. रॅमचा कारभार पाहणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या पोटातच असतो, आणि इतक्या वेगाच्या सिग्नलला लांबची वाट परवडत नाही. पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉटही सहसा जवळचाच असतो. जुनी हार्ड डिस्क मात्र दूर कोपऱ्यात, साटा केबलच्या (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या तारेच्या) टोकाला. तिची चकती फिरून माहिती सापडेपर्यंत प्रोसेसर कितीतरी कामं उरकतो, मग हातभर वायरीने काय बिघडणार? तुझ्या बोर्डावर एम.२ नावाचा छोटा स्लॉट असेल तर एनव्हीएमई एसएसडी (फिरती चकती नसलेली, वेगवान साठवण) थेट तिथेच बसव, केबलच नको. साटाची धाव सेकंदाला साधारण ६०० एमबीपर्यंतच. एनव्हीएमई तिच्या कित्येक पट पुढे. पण तो स्लॉट एनव्हीएमई घेतो की नुसती साटावर चालणारी एसएसडी, हे बोर्डाच्या पुस्तिकेत आधी बघ.

रॅम वाढवायची म्हणतोस, तर आधीची कोणती आहे ते पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिना. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नकोस, चुकीची आणलीस असं समज. चार स्लॉट असतील आणि रॅमच्या पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा. म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही वाटांनी एकदम ये-जा होते. शेजारी-शेजारी लावल्या तरी चालतं, पण वेग कमी मिळतो.

आता विजेचं. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा भिंतीतली वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी देतो. त्याचा २४ पिनांचा जाडजूड कनेक्टर बोर्डाला, आणि ८ पिनांचा (काही बोर्डांवर ४) प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात. पहिला कॉम्प्युटर जोडताना हा दुसरा मी साफ विसरलो. पंखे गरगर फिरताहेत, दिवे लागलेत, पडदा मात्र काळाकुट्ट! दोन तास रॅम काढ, रॅम घाल. शेवटी पाहतो तर प्रोसेसरच उपाशी. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच, पण त्याच्या तारांची मांडणी उलट असते. एकाच्या जागी दुसरा कोंबू नकोस.

आणखी एक, यावर हसशील. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला लावायची, वर असलेल्या मदरबोर्डाच्या पोर्टला नाही. हे न पाहता चांगलं कार्ड 'बिघडलं' म्हणून परत करायला निघालेला माणूस मी पाहिला आहे. म्हणजे आरशात.

उघडण्याआधी बटण बंद कर, प्लग काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. समोरच्या बटणांच्या बारीक तारांना हात लावण्याआधी फोटो काढ. बाकीचे कनेक्टर एकाच बाजूने बसतात, या मात्र कुठेही बसतात! आणि रॅमवरचं लेबल वाचता येईल असा एक फोटो मलाही पाठव. ते पाहिल्याशिवाय नवी पट्टी घेऊ नकोस.

तुझाच,
मित्र