इतिहास गट : तारीख बदलण्याआधी हे पाहा

सदस्यहो,

गेल्या काही दिवसांत विकीवरच्या लेखांतल्या तारखांवरून एकमेकांची संपादनं उलटवणं, म्हणजे दुसऱ्याने केलेला बदल रद्द करणं, फारच झालं. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात! रशियातली ऑक्टोबर क्रांती जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेनुसार २५ ऑक्टोबर १९१७ची, आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियननुसार ७ नोव्हेंबरची. ग्रेगोरियन आली १५८२ मध्ये, ब्रिटनने ती स्वीकारली थेट १७५२ मध्ये. त्यामुळे दोन्ही दिनदर्शिका वापरात होत्या त्या काळातल्या युरोपातल्या तारखेपुढे कोणती कालगणना, ते तिथेच लिहा.

संदर्भात पृष्ठ क्रमांक हवाच. नुसतं पुस्तकाचं नाव चालणार नाही. स्वतःचा तर्क, कितीही बिनतोड वाटला तरी, लेखात नको. संपादन पटलं नाही तर उलटवण्याआधी लेखाच्या चर्चापानावर (त्या लेखाबद्दल बोलण्याच्या पानावर) बोला. आणि हो, संपादन सारांश (काय बदललं ते थोडक्यात सांगणारी ओळ) कृपया रिकामा सोडू नका.