रद्दीच्या काट्याआधी यादी दाखवा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अनुदानित वाचनालयांतून निर्लेखित होणारी जुनी पुस्तकं

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातल्या एका बाजारगावात माझं पुस्तकांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत गाईडं, वह्या, कंपासपेट्या; मागच्या खोलीत जुनी पुस्तकं. पुढच्या खोलीवर घर चालतं. मागची खोली हा घरच्यांच्या मते रोग आहे. ग्रंथालय संचालनालय आपल्या खात्यात येतं, म्हणून हे पत्र आपल्याला.

मागणं आधीच सांगतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने पुस्तकं निर्लेखित केली, म्हणजे आपल्या नोंदवहीतून कायमची काढली, तर ती किलोवर देण्याआधी त्यांची यादी महिनाभर उघडी ठेवावी. कोणालाही पाहता यावी आणि नगावर विकत घेता यावी, एवढंच. नवा निधी लागत नाही, नवं पद लागत नाही.

माझ्या पाहण्यातल्या वाचनालयांत आज काय होतं ते ऐका. फाटकी, पानं गळालेली, कोणी वाचत नाही अशी पुस्तकं बाजूला काढतात. समिती ठराव करते, सही होते, रद्दीवाला येतो. ग्रंथपालाचा दोष नाही. तुटपुंज्या मानधनावर तो अर्धा दिवस बसतो, कपाट दोनच, नवी पुस्तकं ठेवायला जागा हवी. पण त्याच गठ्ठ्यात शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली पोथी असते, जिनिंग-प्रेसिंगच्या सहकारी संस्थेचा अहवाल असतो, कुठल्याशा जातीय परिषदेची कार्यवाही असते, वऱ्हाडातल्या एखाद्या मास्तरने पदरच्या पैशाने छापलेलं तालुक्याचं भूगोलाचं पुस्तक असतं. शेवटची तिन्ही मला पोथीपेक्षा मोलाची वाटतात.

कारण दुर्मिळ म्हणजे जुनं, असा सरसकट समज आहे. व्हिडिओ पाहून लोक माझ्याकडे आजोबांची पोथी घेऊन येतात आणि लाखाच्या खाली बोलत नाहीत. मुंबईच्या छापखान्यांनी ठरावीक धार्मिक पोथ्या इतक्या काढल्या की वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात एक तरी निघते. खरी दुर्मिळ गोष्ट दिसायला भिकार असते : चाळीस पानं, कव्हर गेलेलं, आतली माहिती मात्र दुसरीकडे कुठेच नाही. ती ओळखणं हेच आमचं काम. पहिलं पान शाबूत असेल तर सोपं जातं. शके १८०७ दिसलं की ७८ मिळवायचे, १८८५ आलं. ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’ अशी सरकारी नोंदणीची ओळ असेल तर पुस्तक त्या सालानंतरचं, हेही नक्की. पहिलं पान नसेल तर टाइपाचं वळण, कागद आणि मागची जाहिरात बघायची. मग शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडायची. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत. तिथे नोंद सापडली नाही, तर त्या रात्री आम्ही नीट झोपत नाही.

नोंद असलेली पुस्तकंही हातची जातात. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ छापला. त्याची जुनी प्रत मागणारे संशोधक मला माहीत आहेत, आणि ती कोणत्या गावच्या गठ्ठ्यातून काट्यावर गेली तेही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड. केतकर लहानपणी अमरावतीत वाढले, ज्ञानकोशाची कचेरीही आधी नागपुरात होती. त्यामुळे आमच्याकडे सुटे खंड निघतात, पण एका गावात सात, दुसऱ्यात चार. दोन्ही गावांच्या याद्या एका ठिकाणी दिसल्या असत्या तर संच जुळला असता. आज दोन्ही ठिकाणी ‘अपूर्ण संच’ असा शेरा मारून ते काढून टाकतात.

कागदाचंही ऐका. ‘जुनं तेच आधी झडतं’ हे खरं नाही. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद दीडशे-दोनशे वर्षं मऊ राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्याला तुरटी आणि राळ लावत, तिचं आम्ल आतूनच कागद खातं. म्हणून १९३० चं पुस्तक बिस्किटासारखं मोडतं आणि १८३० चं हस्तलिखित उलगडतं. वर आमच्याकडचा मे महिना, पत्र्याचं छप्पर आणि पावसाळ्यात वाळवी. त्यात हौशी मंडळी सेलोटेप लावतात. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं घेऊन जातो. गावचा बाइंडर कडा कटरने सरळ करतो आणि समासातल्या नोंदी कापून टाकतो. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात यावर एक तास जरी ठेवला तरी पुष्कळ.

हस्तलिखितांची गोष्ट वेगळी, आणि इथे मला सरकारकडून स्पष्टता हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचं, ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित ही पुरावस्तू. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. कायदा केंद्राचा आहे आणि योग्यही आहे. पण त्याचा गावात परिणाम काय? कोणी पोथी घेऊन आलं की मी हात जोडतो. तो माणूस परवाना शोधत बसत नाही. पूर्णेच्या डोहात पोथी सोडतो आणि पुण्य मिळालं म्हणतो. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्यापासून लांब नाही. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथे. महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या या पट्ट्यात घराघरांत होत्या. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. विद्यापीठाने जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या दुकानदारांना एक फोन नंबर दिला आणि ‘पोथी आली की कळवा, आमचा माणूस येऊन बघेल’ एवढं सांगितलं, तरी आम्ही फुकट हेरगिरी करायला तयार आहोत.

विक्रीची अडचण उलट्या बाजूनेही आहे. वाचनालयाला माझ्याकडचं पुस्तक हवं असतं, पण घेता येत नाही. मी ते वाड्यातल्या माळ्यावरून उचललेलं असतं, माझ्याकडेच बिल नसतं. छापील किंमत आठ आणे आणि मी मागतो सहाशे. ‘ऑडिटला काय दाखवू, भाऊ?’ हा ग्रंथपालाचा प्रश्न बिनतोड आहे. जुन्या पुस्तकांची किंमत तीन जाणकारांच्या समितीने ठरवावी आणि ती ऑडिटला चालावी, असं परिपत्रक निघालं तर हा प्रश्न सुटेल.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. छान झालं. पण ज्या वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून ही कल्पना आली, ते गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी उभं केलं. रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने साठच्या दशकात तिथे जुनी पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि मग दुकानामागे दुकान आलं. आपण वाचनाची खोली घेतली, दुकान मात्र तिकडेच ठेवलं. विदर्भात असं गाव करायचं असेल तर सोबत चार विक्रेत्यांनाही गाळा द्या, भाडं घ्या.

सुरुवात अमरावती विभागापासून करता येईल. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी वाचनालयांकडून निर्लेखनाच्या याद्या मागवाव्यात. हाताने लिहिलेल्या असल्या तरी चालतील, फोटो काढून टाकल्या तरी चालतील. नाव, लेखक, साल आणि पुस्तक कुठे ठेवलं आहे एवढं असलं की पुरे, बाकी आम्ही गाडीला किक मारून जाऊन बघू. मार्चअखेरची आवराआवर वाचनालयांत फेब्रुवारीतच सुरू होते. परिपत्रक त्याआधी हवं.

आपला,
जुनी पुस्तकं विकणारा एक दुकानदार,
जि. अमरावती