टीव्हीतली बोट पाहून घाबरलेल्या आई-बाबांना

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की तुम्ही दोघं गप्प होता. मग मीही घाईघाईनं दुसरंच काहीतरी बोलते आणि फोन ठेवल्यावर तासभर चुळबुळत बसते. म्हणून लिहायला घेतलं. आधी मुख्य ते सांगते. यॉटवर, म्हणजे पाहुण्यांना भाड्यानं देतात त्या आलिशान बोटीवर, स्टू (आतलं आवरणारी, पाहुण्यांची सरबराई करणारी) म्हणून काम करायच्या करारावर माझी सही झाली आहे. मे महिन्यात फ्रान्समधल्या अँटीबला बोटीवर हजर व्हायचं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोकळी. उन्हाळाभर बोट भूमध्य समुद्रातच असेल. हे आता बदलणार नाही. पुढचं वाचताना 'अजून विचार बदलेल पोरगी' अशी आशा तुम्ही मनात धरू नये, म्हणून पहिल्यांदा हेच लिहिलं. रागावू नका.

आत्यानं तुम्हाला 'बिलो डेक' ही यॉटवरच्या कर्मचाऱ्यांची रिअ‍ॅलिटी मालिका लावून दिली, आणि तुम्ही एकामागून एक भाग बघत बसलात. दारू पिऊन भांडणारी पोरं, मध्यरात्री फर्माइशी करणारे पाहुणे, सगळ्यांसमोर एखादीला रडवणारी चीफ स्टू, म्हणजे स्टूंची प्रमुख. आई, तू विचारलंस, "हेच का गं तुझं काम?" तू दुसरं काय विचारणार! मी ती मालिका पहिल्या पर्वापासून पाहिली आहे, आणि यॉटवर अशी नोकरी असते हे मला तिच्यामुळेच कळलं. त्यामुळे तिला नुसती नावं ठेवून मी तुमची समजूत काढणार नाही. तिच्यात खरं बरंच आहे.

ती २०१३च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्राव्हो वाहिनीवर सुरू झाली. पहिलं पर्व कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनचं. बोट खरी, पाहुणे खरे, पाहुणे येण्याआधी कॅप्टन, शेफ आणि चीफ स्टू त्यांच्या आवडीनिवडीचा कागद घेऊन बसतात ते खरं, शेवटी बक्षिशीचं पाकीट उघडून सगळ्यांना सारखे वाटे होतात तेही खरं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एक अख्खं पर्व सुमारे सहा आठवड्यांत चित्रित होतं आणि त्यातले पाहुणे दोन-तीन दिवसांतच उतरतात. पाहुणे उतरले की सगळे किनाऱ्यावर जेवायला जातात आणि पितात. म्हणून तुम्हाला प्रत्येक भागात दारूच दिसते. खऱ्या चार्टरचं, म्हणजे पाहुण्यांनी बोट भाड्यानं घेण्याचं, भाडं बहुतेक आठवड्याच्या हिशेबानं ठरतं. एक कुटुंब उतरलं की चादरी बदलून, लाकूड पुसून पुढच्यांची तयारी. शिवाय मालिकेत माणसं निवडतानाच भडकून बोलणारी निवडत असणार, असं मला वाटतं. जिथे सगळे मुकाट्यानं आपापलं काम करतात तो दिवस टीव्हीवर कोण बघेल?

आणि बाबा, समुद्रावर कामाला असताना रक्तातल्या दारूला जगभर मर्यादा आहे, ०.०५ टक्के. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या प्रत्येक खलाशाला ती लागू आहे. आमच्या कॅप्टननं त्याच्याही पुढे जाऊन नियम केलाय, पाहुणे बोटीवर असेपर्यंत कर्मचाऱ्यांपैकी कुणी थेंबही घ्यायचा नाही. मुलाखतीत मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

आता जे तुम्ही दोघांनी तोंडानं विचारलं नाही, पण आईच्या आवाजात होतं, त्याबद्दल.

याच मालिकेची 'डाउन अंडर' म्हणून एक शाखा आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या तिच्या दुसऱ्या पर्वात, २०२३ साली, एक प्रसंग दाखवला. दारू चढून झोपलेल्या एका मुलीच्या केबिनमध्ये बोटीवरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, शिरला. चित्रीकरण करणारी माणसं एरवी सहसा कशात पडत नाहीत, ती त्या रात्री मध्ये पडली आणि त्याला बाहेर काढलं. कॅप्टन जेसन चेंबर्सनी त्याला त्याच रात्री बोटीवरून हलवलं आणि दुसऱ्या दिवशी नोकरीवरून काढून टाकलं. मी तो भाग पाहिला तेव्हा मलाही झोप लागली नाही. माझ्या बोटीवर तर कॅमेरे नसणार. मग मध्ये पडायला कोण, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी सही केली नव्हती.

माझी केबिन दुसऱ्या एका स्टूबरोबर आहे, आतून कडी लागते. मुलींच्या केबिनमध्ये पुरुषांनी यायचं नाही, हे बोटीच्या लेखी नियमांत आहे. २००६चा सागरी कामगार करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१३च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि भाड्यानं चालणाऱ्या यॉटनाही लागतो. त्याप्रमाणे तक्रार कशी करायची हे प्रत्येक कर्मचाऱ्याला लिहून द्यावं लागतं. मधल्या कुणालाही न विचारता थेट कॅप्टनकडे जाता येतं, आणि तिथे दाद लागली नाही तर बाहेरच्या अधिकाऱ्यांकडेही. तो कागद माझ्याकडे आला आहे. चीफ स्टूशी व्हिडिओवर बराच वेळ बोलले. ती गेली कित्येक वर्षं याच कॅप्टनबरोबर आहे, आणि मला तो सगळ्यात मोठा पुरावा वाटला. तुमच्या मुलीला नको तिथून निघून येणं जमतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या लग्नाच्या वेळी पाहिलंतच.

त्याच करारात विश्रांतीचे तासही ठरले आहेत. चोवीस तासांत किमान दहा, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर. आजारी पडले तर औषधपाणी मालकाचं, करार संपला की घरी परत पाठवण्याचा खर्चही त्याचाच. बाबा, तुम्ही एजंटचं विचारत होतात. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत, आणि माझ्याकडूनही कुणी घेतलेले नाहीत.

पाण्याची भीती राहिली. ताहितीच्या पर्वात एका डेकहँडच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशाच्या, घोट्याला दोराचा वेढा बसून तो समुद्रात ओढला गेला होता. कॅमेरामननं कॅमेरा टाकून दोर सैल केला म्हणून तो वाचला. तो भाग तुम्ही अजून पाहिला नसेल तर पाहू नका. माझं काम आतलं आहे, दोरांशी माझा संबंध क्वचितच, बंदराला लागताना फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये धरायची उशी) धरायला उभी राहिले तर. तेव्हाही दोराच्या वेढ्यात पाय ठेवायचा नाही हे प्रशिक्षणात आमच्याकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की झोपेतही सांगेन. आग विझवणं, प्रथमोपचार, उलटलेला तराफा पाण्यात सरळ करून त्यात चढणं, सगळं करून झालं. तराफ्यावर पहिली मी चढले. बाबा, पाण्यात उडी मारायच्या आधी मला तुमचा आवाज ऐकू आला, "श्वास सोड, हात मार." पाठीला डबा बांधून तुम्ही मला ढकलायचात, आणि मी वर येईपर्यंत तुमचे हात पुढे असायचे. मी पोहायला शिकले तरी तुम्ही कितीतरी दिवस ते हात मागे घेतले नव्हते. त्या दिवशी तुम्हाला फोन करायचा होता, पण करार ठरायच्या आधी तुमच्या जिवाला घोर नको म्हणून केला नाही.

"या वयात नवी सुरुवात?" असं दादा म्हणाला. मालिकेतले कॅप्टन ली रॉसबाख आधी रेस्टॉरंट चालवायचे, पस्तिशीला आल्यावर समुद्रावर आले. आणि बाईच्या जातीला हे काम झेपेल का असं काकू म्हणत असतील, तर त्यांना याच मालिकेच्या 'मेडिटेरेनियन' शाखेतल्या कॅप्टन सँडी यॉन दाखवा. दुसऱ्या पर्वापासून, म्हणजे २०१७पासून, सबंध बोट त्यांच्या शब्दावर चालते. बंदराला बोट मागे घेताना त्यांचा चेहरा बघा. मला ती मालिका अशा क्षणांसाठी आवडते. एवढी मोठी बोट अरुंद जागेत उलटी शिरत असते, मागे उभा डेकहँड अंतर मोजून सांगत असतो, आणि तेवढा वेळ भांडण झालेली माणसंसुद्धा एकमेकांचं नीट ऐकतात.

हॉटेलात मी हेच काम केलं. पाहुण्याचं मन ओळखणं, मेज मांडणं, नजरेला न पडता खोली आवरणं. पण तिथे हजार माणसांतली एक होते, आणि किती वर्षं थांबले तरी वरच्या जागेवर बाहेरूनच कुणीतरी आणत राहिले. इथे आम्ही मोजकी माणसं आहोत. मी दुमडलेला नॅपकिन कुणाच्या हाती गेला हे मला दिसतं. राहणं-जेवण बोटीवर असल्यामुळे पगाराला हात लागणार नाही. बाबांच्या स्टेंटच्या वेळी दादानं एकट्यानं उचललेला भार माझ्या मनातून गेलेला नाही. त्याला हे सांगू नका, तो चिडेल.

आई, बिछाना अरुंद आहे पण गादी चांगली आहे आणि बिछान्याला पडदा आहे. कर्मचाऱ्यांसाठी दोन वेळचा स्वयंपाक शेफच करतो. कपड्यांची काळजी करू नकोस, लाँड्री आमच्याच ताब्यात असते. थंडी वाजत नाही. केस बांधूनच ठेवावे लागतात, त्यामुळे तुला आवडते तशी वेणीच घालीन. लहानपणी वेणी घालताना तू डोकं असं गच्च धरायचीस की मान हलवायची सोय नसायची, आणि घालून झाली की टाळूवर टपली मारायचीस. अजूनही केस विंचरताना मी त्या टपलीची वाट बघते.

आता माझं ऐका. बाबा, सकाळच्या गोळ्या नाश्ता झाल्या झाल्या, पेपर वाचून झाल्यावर नाही. जूनची तपासणी पुढे ढकलायची नाही, दादा घेऊन जाईल, त्याच्याशी बोलणं झालंय. आई, गुडघ्याचे व्यायाम बाबांच्या समोर करायचे, म्हणजे त्यांना मोजता येतील. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं आजपासून बंद. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका, पैसे दिले आहेत. आणि रात्री जेवण झाल्यावर ती मालिका बघायची नाही. बघायचीच तर दिवसा बघा, आणि शंका आली की मला विचारा. आत्याला विचारू नका.

उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ तुमच्या साडेतीन तास मागे असतं. तुमचे दुपारचे साडेचार वाजले की माझा एकचा सुमार, तेव्हा मी मेसेज करीन. पाहुणे असताना फोन उचलता येणार नाही. एखादा दिवस मेसेज आला नाही तर लगेच दादाला उठवू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. बोट कुठे आहे ते नकाशावर दिसतं, त्याचं ॲप मी रविवारी व्हिडिओवर तुमच्या फोनमध्ये घालून देईन.

सोबतच्या कागदावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, कॅप्टनचा आणि कंपनीचा चोवीस तास चालू असणारा फोन लिहिलाय. मागे विम्याची प्रत जोडली आहे. बाबा, हे निळ्या फाइलमध्ये लावा आणि एक झेरॉक्स दादाकडे द्या.

तुमची,
मनू